जागलीवरचा मोबाइल आणि न दिसणारी लुकलुक

हरभरा घाट्यावर आला की आमच्याकडे जागल सुरू होते. वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात, बोर व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलापासून जवळच आमचे वावर आहे. रानडुकरांचा कळप एकदा धुऱ्यावरून आत उतरला की एका रात्रीत दोन महिन्यांची मेहनत उखडून टाकतो, म्हणून डिसेंबरच्या मध्यापासून हरभरा घरी येईपर्यंत रात्रीचे सहा-सात तास मचाणावर काढावे लागतात. अर्ध्या-अर्ध्या तासाने डबा वाजवायचा, बॅटरीचा झोत चारही बाजूंनी फिरवायचा, रात्रीची लाइन असेल तर स्प्रिंकलरचे पाइप बदलायचे आणि उरलेल्या वेळात जागे राहण्यासाठी मोबाइलवर काहीतरी वाचत बसायचे. डोळे अंधाराला इतके सरावलेले असतात, की मोबाइलचा उजेड अगदी शेवटच्या टोकापर्यंत खाली ओढला तरी तो पुरतो. तसा तो ओढणे डोळ्यांसाठी चांगलेच असणार, असे मी दोन हंगाम समजत होतो आणि त्या समजुतीपायी मी पुष्कळ त्रास काढला. मोबाइल घेताना दुकानात कुणी सांगत नाही अशी ही गोष्ट असल्यामुळे ती सविस्तर लिहीत आहे.

जुना मोबाइल पाण्यात पडला, तेव्हा मी वर्ध्याच्या बाजारातून एमोलेड पडद्याचा नवा मोबाइल आणला. रंग सुरेख होते, भर उन्हातही अक्षर स्पष्ट दिसत होते आणि घरात सगळ्यांना तो आवडला. जागल सुरू झाल्यावर आठवडाभरातच मला रोज रात्री कपाळाच्या मध्यभागी दाबल्यासारखे वाटू लागले. डोळ्यांच्या मागच्या बाजूला ताण जाणवायचा, तासाभराने मळमळायचे आणि पहाटे घरी येऊन आडवा झालो तरी तो ठणका लवकर उतरायचा नाही. आधी मी जागरणाला दोष दिला. पण जागरण तर मी वीस वर्षांपासून करत आलो होतो आणि जुन्या मोबाइलवर असेच रात्र-रात्र वाचत आलो होतो. शिवाय दिवसा तोच मोबाइल घेऊन वावरात ई-पीक पाहणी केली, बाजारभाव पाहिले, तासभर बोलत बसलो, तरी काही होत नसे. त्रास फक्त रात्रीचा होता.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासले. जवळचा नंबर पूर्वीइतकाच होता, डोळ्यांचा दाब ठीक होता, साखर आणि रक्तदाबही तपासून झाला. त्यांनी थेंब दिले आणि पापण्या मिटत जा, मधूनमधून लांब पाहत जा, असे सांगितले. ही तपासणी आधी करून घेतली हे बरेच झाले, कारण डोके दुखण्याची शंभर कारणे असतात आणि मोबाइलवर संशय घेण्याआधी ती बाजूला सारायला हवीत. पण थेंबांनी चुरचुर कमी झाली, ठणका राहिला. मग मी पडदा पिवळसर करणारी सोय चालू केली. निळा प्रकाश अडवणारा चश्माही घेतला. अशा चश्म्यांवरच्या १७ चाचण्यांचा आढावा कॉक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केला होता आणि साध्या काचांच्या तुलनेत त्यांनी डोळ्यांचा ताण कमी होतो असे त्यात आढळले नव्हते. हे मला चश्म्याचे पैसे देऊन झाल्यावर कळले. यांपैकी कशाचाच उपयोग होईना, तेव्हा मी पडद्याचा उजेड आणखी कमी केला. त्रास वाढला.

याचा उलगडा झाला तो संक्रांतीला. नागपूरला शिकणारा माझा पुतण्या ओसरीत बसून माझ्या मोबाइलवरच्या एका कागदाचा आपल्या मोबाइलने फोटो काढत होता. तो थांबला आणि म्हणाला, "काकाजी, हे पाहा न, तुमच्या मोबाइलवर काये पट्टे येते." त्याच्या कॅमेऱ्यात माझ्या पडद्यावरून जाड काळे पट्टे हळूहळू वर सरकत होते. माझ्या डोळ्यांना मात्र तोच पडदा शांत, एकसारखा पांढरा दिसत होता. पाण्यात पडलेला जुना मोबाइल तोवर दुरुस्त होऊन आईकडे गेला होता. तो शेजारी ठेवून उजेड तितकाच कमी केला आणि त्याच कॅमेऱ्यातून पाहिले. त्याच्यावर एकही पट्टा नव्हता.

त्या रात्री मी मचाणावर दोन्ही मोबाइल घेऊन गेलो. पुतण्याने एक युक्ती सांगितली होती, तिच्यासाठी तो पेन्सिल वापरणार होता. माझ्या हाताशी तुऱ्हाटी होती. पडद्यावर कोरे पांढरे पान उघडले, उजेड खाली आणला आणि डोळे पडद्यावर ठेवून त्याच्यासमोर वीतभर अंतरावरून तुऱ्हाटीची काडी डावीकडून उजवीकडे भरभर हलवली. जुन्या मोबाइलसमोर ती धूसर झाली, जशी कोणतीही भरभर हलणारी वस्तू दिसते तशी. नव्या मोबाइलसमोर मात्र मला एका काडीच्या जागी सात-आठ काड्या दिसल्या, पंख्याच्या पात्यांसारख्या एकमेकींपासून सुट्या, प्रत्येकीची कड स्वच्छ. मी पुन्हा पुन्हा हलवून पाहिली. उजेड पूर्ण वाढवला की काड्या एकमेकींत मिसळायच्या, कमी केला की पुन्हा सुट्या व्हायच्या. वर्षभर ज्याचे नावही मला ठाऊक नव्हते ते मी त्या काडीच्या आधाराने डोळ्यांनी पाहिले: पडदा अखंड उजळलेला नव्हताच, तो सेकंदाला शेकडो वेळा लागत आणि विझत होता.

याचे कारण समजायला स्प्रिंकलरचा कॉक डोळ्यांसमोर आणावा. पाणी निम्मे करायचे असेल, तर दोन मार्ग आहेत. कॉक अर्धा फिरवून धार बारीक करायची, किंवा कॉक पूर्ण उघडा ठेवायचा, क्षणभराने पूर्ण बंद करायचा, पुन्हा उघडायचा आणि हे इतक्या झपाट्याने करायचे, की वावराला सरासरी निम्मे पाणी मिळेल. पडद्याचा उजेड कमी करण्याचेही हेच दोन मार्ग आहेत. पहिल्यात विजेचा प्रवाहच कमी केला जातो, त्याला डीसी डिमिंग म्हणतात. दुसऱ्याला पल्स विड्थ मॉड्युलेशन, थोडक्यात पीडब्ल्यूएम म्हणतात. त्यात दिवा लागतो तो पूर्ण ताकदीने लागतो आणि उजेड किती हवा त्याप्रमाणे विझलेला काळ लांबवला जातो. म्हणजे आपण पट्टी जितकी खाली ओढतो, तितका अंधाराचा वाटा वाढतो आणि लुकलुक तितकी तीव्र होते. जागलीवर मी उजेड कमी करून डोळ्यांना विश्रांती देत होतो असे मला वाटत होते, तेव्हा मी त्यांच्यावर प्रत्यक्षात हेच वाढवून घेत होतो. त्यात अंधाराने बाहुल्या मोठ्या झालेल्या, त्यामुळे आसपास दुसरा उजेड नसताना ती लुकलुक पूर्ण जोराने आत शिरत होती.

एलसीडी पडद्यात मागच्या बाजूला दिव्यांची पट्टी असते आणि तिचा प्रवाह सहज कमी-जास्त करता येतो, म्हणून चांगल्या एलसीडीत बहुधा लुकलुक नसते. ओएलईडी पडद्यांत प्रत्येक ठिपका स्वतःच प्रकाश देतो, आणि एमोलेड हा त्यांचाच एक प्रकार. त्यांना अगदी थोडा प्रवाह दिला, तर सगळे ठिपके सारखे उजळत नाहीत, रंग हिरवट होतो, राखाडी भागावर डाग दिसतात. रंग बिघडू नयेत म्हणून कंपन्या पीडब्ल्यूएमचा मार्ग घेतात. त्यामागे त्यांचा काही वाईट हेतू आहे असे मला वाटत नाही; पण खोक्यावर पडद्याबद्दल दहा गोष्टी छापताना ही अकरावी गोष्टही छापायला हवी, हे मी ठामपणे म्हणेन.

डोळ्यांना जे दिसत नाही, ते त्रास कसे देईल, हा प्रश्न मला घरात आणि गावात पुष्कळांनी विचारला. आपल्याकडे वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, त्यामुळे जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होत असे. तो कुणाला दिसत नसे. इंग्लंडमधल्या संशोधकांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कार्यालयातल्या अशा ट्यूब काढून अतिवेगवान चोकच्या ट्यूब लावल्या, तेव्हा कर्मचाऱ्यांची डोकेदुखी आणि डोळ्यांचा ताण यांचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. दुसरी गोष्ट वाचण्याची. वाचताना आपले डोळे ओळीवरून सरळ घसरत जात नाहीत, ते सेकंदाला तीन-चार उड्या मारतात, आणि अशा उडीच्या वेळी लुकलुकणारा दिवा डोळ्यांच्या पडद्यावर सुट्या ठिपक्यांची माळ उमटवतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत सेकंदाला १००० पेक्षा अधिक वेळा लुकलुकणारा प्रकाशही डोळ्यांच्या उडीच्या वेळी लोकांना ओळखता आला. तुऱ्हाटीच्या काड्या मला दिसल्या, त्यात काडी हलत होती आणि डोळा स्थिर होता. वाचताना अक्षर स्थिर असते आणि डोळा हलतो, एवढाच फरक.

किती वेगाची लुकलुक चालेल, याचे एक माप आहे. विद्युत अभियंत्यांच्या आयईईई या संस्थेने २०१५ मध्ये एलईडी दिव्यांसाठी १७८९ क्रमांकाची शिफारस प्रसिद्ध केली. ती दिव्यांसाठी आहे, मोबाइलसाठी नाही, तरी अंदाज घ्यायला उपयोगी पडते. सेकंदाला ९० ते १२५० वेळा लुकलुकणाऱ्या प्रकाशासाठी तिचा नियम असा, की त्या आकड्याला ०.०८ ने गुणावे. जे उत्तर येईल तितके टक्के चढउतार कमी धोक्याचे मानावेत. अनेक ओएलईडी मोबाइलांत ही लुकलुक सेकंदाला २४० वेळा असते. २४० ला गुणले की उत्तर १९.२ येते, आणि कमी उजेडात पडदा पूर्ण विझून पूर्ण लागत असेल तर चढउतार १०० टक्के असतो. ४८० वेळांसाठीही मर्यादा ३८.४ टक्क्यांचीच येते. १२५० च्या वर गेल्यावर पूर्ण चढउतारही कमी धोक्याचा धरला आहे आणि ३००० च्या वर गेल्यावर काहीच परिणाम जाणवू नये असे मानले आहे.

हे सगळे सगळ्यांना जाणवते असे मात्र नाही. तोच मोबाइल आज माझी बायको वापरते, रात्री अंथरुणात पडून बहिणीशी व्हिडिओवर बोलते आणि तिला कधी काही झाले नाही. त्यामुळेच ज्याला त्रास होतो त्याचे कुणी खरे मानत नाही. "मोबाइल पाह्यनं कमी कर, बाबू," असे मला पारावरच्या प्रत्येक वडीलधाऱ्याने सांगितले. ज्या दुकानातून घेतला तिथे परत घेऊन गेलो, तर पडद्यात बिघाड नाही म्हणून त्यांनी बदलून दिला नाही. बिघाड खरोखरच नव्हता, तो असाच बनवला होता. मायग्रेन असणाऱ्यांना लुकलुक अधिक बाधते, एवढे संशोधनातून पुढे आले आहे. माझ्या आईला मायग्रेन होते, कदाचित माझ्यात ते तिच्याकडून आले असेल.

दुसऱ्यांदा मोबाइल घ्यायला निघालो, तेव्हा मी पुतण्याचा मोबाइल सोबत नेला. दुकानातल्या मुलाला म्हटले, की पडदा लुकलुकणारा नको. तो लगेच म्हणाला, "हा घ्या न भाऊ, एकशेवीस हर्ट्झ आहे, एकदम स्मूथ." हा गोंधळ सर्वत्र आहे, म्हणून इथे थोडे थांबतो. ६०, ९०, १२० हर्ट्झ हा जो आकडा खोक्यावर मोठा छापतात, तो पडद्यावरचे चित्र सेकंदाला किती वेळा बदलते त्याचा असतो. लुकलुकीचा आकडा वेगळा, तोही हर्ट्झमध्येच मोजतात, आणि १२० हर्ट्झचा पडदा २४० वेळाही लुकलुकू शकतो. कंपनीने लुकलुकीचा वेग सांगितलाच, तर तो १९२०, २१६० किंवा ३८४० असा मोठा असतो आणि त्याच्याजवळ पीडब्ल्यूएम किंवा डिमिंग हा शब्द असतो. २०२३ मध्ये आलेल्या ऑनर ९० या मोबाइलचा पडदा ३८४० हर्ट्झचा होता. मोठा आकडा शुभ असला, तरी तो उजेडाच्या प्रत्येक पातळीवर लागू असतोच असे नाही. काही मोबाइल भरपूर उजेडात एका रीतीने चालतात आणि ठराविक पातळीच्या खाली दुसऱ्या. म्हणून आकड्यावर न थांबता स्वतः पाहावे.

पाहण्याची रीत सोपी आहे. घ्यायच्या मोबाइलवर कोरे पांढरे पान उघडावे. दुकानातले दिवे फार असतात, तेव्हा काउंटरखाली किंवा हाताच्या आडोशाला धरावे आणि आपोआप उजेड बदलणारी सोय बंद करावी. सोबतच्या मोबाइलच्या कॅमेऱ्यात प्रो मोड असतो, त्यात शटरचा वेग १/२००० करावा आणि पडद्याकडे पाहावे. आधी पूर्ण उजेड, मग निम्मा, मग शेवटचे टोक. रुंद काळे पट्टे सरकताना दिसले, तर लुकलुक मंद आणि खोल आहे. खूपशा बारीक, फिकट रेघा दिसल्या, तर ती वेगवान आहे. काहीच दिसले नाही, पान एकसारखे राहिले, तर फारच उत्तम. ओएलईडीवर एकच बारीकशी फिकट रेघ सरकत असेल, तर ती चित्र बदलण्याची असते, तिची मी काळजी केली नाही. कॅमेऱ्यात प्रो मोड नसला, तर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढला तरी मंद लुकलुक सापडते, आणि पेन भरभर हलवून पाहायला तर काहीच लागत नाही. मी सहा मोबाइल पाहिले. चार एमोलेडांपैकी तिघांवर पट्टे होते. दोन एलसीडींपैकी एकावरही शेवटच्या टोकाला पट्टे आले, म्हणून एलसीडी आहे एवढ्यावर डोळे मिटून घेऊ नये.

एमोलेडांतला जो चौथा बारीक रेघांचा होता, तो माझ्या आवाक्याबाहेरचा होता. मी बारा हजारांच्या आतला, एकही पट्टा न दाखवणारा एलसीडी घेतला. त्या किमतीत एलसीडी अजून मिळतात, ही आमच्यासारख्यांसाठी चांगली गोष्ट आहे, कारण वरच्या किमतीत ते जवळजवळ संपले आहेत. ॲपलने तर २०२५ मध्ये आपला शेवटचा एलसीडी आयफोनही विक्रीतून काढला आणि त्याच वर्षी आयफोन १७ मध्ये ही लुकलुक सौम्य करण्याची सोय दिली. म्हणजे त्रास होणारी माणसे आहेत हे आता मोठ्या कंपन्यांनीही मानले आहे.

ज्यांच्याकडे एमोलेड आधीच आहे आणि रात्री डोके धरते, त्यांनी लगेच नवा घ्यावा असे मी म्हणणार नाही. अँड्रॉइड १२ पासून पुढच्या बऱ्याच मोबाइलांत एक्स्ट्रा डिम नावाची सोय आहे. उजेडाची मुख्य पट्टी निम्म्याच्या वर ठेवावी आणि एक्स्ट्रा डिमने पडदा मंद करावा. यात दिवा विझवण्याऐवजी चित्राचेच रंग गडद केले जातात, म्हणून लुकलुक मुख्य पट्टीच्या पातळीवरच राहते. आयफोनमध्ये रिड्यूस व्हाइट पॉइंट हेच काम करते. काही मोबाइलांच्या डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये डीसी डिमिंग किंवा फ्लिकर, म्हणजे लुकलुक, कमी करण्याचे बटण लपलेले असते, तेही शोधावे. काळी पार्श्वभूमी ठेवल्याने एकूण प्रकाश घटतो, लुकलुक थांबत नाही. आणि पूर्ण अंधारात पाहण्यापेक्षा जवळ एखादा दिवा असावा, म्हणजे पडदा इतका मंद करण्याची वेळच येत नाही. तो दिवाही कॅमेऱ्यातून एकदा पाहून घ्यावा. आमच्या मचाणावर टांगलेल्या स्वस्त एलईडी बल्बवर मोबाइलपेक्षा रुंद पट्टे निघाले, तो मी दुसऱ्याच दिवशी बदलला.

गेल्या हंगामात मी चाळीसेक रात्री जागल केली. थकवा येतो, पहाटे डोळे जड होतात, कधी चुरचुरतात. पण कपाळातला तो ठणका आणि ती मळमळ एकदाही आली नाही. जे गेले ते दिवसाच्या कामात गेले. या एलसीडीचा उजेड भर दुपारच्या उन्हापुढे टिकत नाही, आणि ई-पीक पाहणीचा फोटो तर पऱ्हाटीत उभे राहूनच काढावा लागतो. तेव्हा खांद्यावरचा दुपट्टा डोक्यावरून मोबाइलसकट पुढे ओढून घेतो, त्या सावलीत गट क्रमांक वाचतो आणि मग बटण दाबतो.